वाटेकऱ्याची ओळ

गावात त्याला सगळे 'निम्मे मालक' म्हणत. जमीन खरं तर पुरती त्याचीच होती. रस्त्याला लागून असलेला एवढासा तुकडा, या टोकाला उभं राहून हाक मारली तर त्या टोकाला सहज ऐकू जावी. पण "शेत तुमचंच का?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "निम्मं माझं, निम्मं वाटेकऱ्याचं." वाटेकरी कोण, असं विचारलं की नुसती मान वर करून आभाळाकडे बघायचा. लोकांना चेष्टेला तेवढं पुरलं. सुतार, न्हावी, चहावाला, सगळे त्याला तोंडावर निम्मे मालक म्हणत आणि तोही ओ देई.

मोजून निम्मा नसला, तरी वाटा नुसता बोलण्यापुरता नव्हता. दर हंगामाला टोमॅटोची पहिली ओळ, अगदी रस्त्याकडेची, देवाची. त्या ओळीतलं फळ विकायचं नाही आणि घरातही आणायचं नाही. रस्त्याने जाणाऱ्या कुणीही तोडावं, खावं, पुढे जावं. ट्रकवाले थांबत, शाळेतून येणारी पोरं थांबत, पोस्टमन तर हक्काने पिशवी घेऊन येई. देव बिचारा कधी आला नाही, पण त्याची ओळ कधी शिल्लक राहिली नाही.

बायकोचा आणि त्याचा यावरून दर वर्षी ठरलेला वाद. तिची देवाला ना नव्हती. तिचं दुखणं निराळं होतं. रस्त्याकडून पाण्याचा पाट यायचा, त्यामुळे ती ओळ सगळ्यात तरारून वाढायची.

"द्या ना वाटा, मी कुठे नाही म्हणते?" ती म्हणायची. "पण पाटाजवळचीच का? मागची द्या की, कुंपणाकडची. त्याला कुठे बाजार गाठायचाय?"

"वाटेकऱ्याला हलका माल द्यायचा? उद्या तो काय म्हणेल?"

"आजवर काही म्हणालाय का?"

यावर तो हसायचा आणि कामाला लागायचा. म्हणजे वाद तिचा एकटीचाच.

रोज सकाळी शेतात पाय टाकला की तो त्या ओळीच्या टोकाशी उभा राही, डोक्यावरची टोपी काढी आणि बोलायला लागे. पूजा नाही, पाठ नाही, साधं बोलणं. कुठल्या झाडाची पानं वळलीत, कुठे कीड दिसतेय, रात्री कंबर कशी धरली होती. ती लांबून बघायची. ओठ हलताहेत, हात हलतोय, मधेच हसूसुद्धा. आणि घरात हाच माणूस मोजून मापून बोलणारा. लग्न झाल्यावर सुरुवातीची काही वर्षं रोपं लावताना, सुतळीने झाडं काठ्यांना बांधताना तो तिच्याशी असा बोलत असे. तिला ते दिवस आठवत. सवत असती तर झिंज्या उपटता आल्या असत्या. इथे कुणाच्या उपटणार?

त्या वर्षी पीक असं आलं होतं की वाकड्या तोंडाचा न्हावीदेखील बांधावर थांबून "छान आहे" म्हणून गेला. तोडणी तोंडावर आली होती. दुपारी ती दोरीवरचे कपडे काढत होती तेवढ्यात आभाळ काळंठिक्कर झालं आणि पत्र्यावर पहिली गार वाजली. मग दुसरी, मग मोजायचं कारणच उरलं नाही. पत्रा असा वाजत होता की शेजारी उभा असलेला नवरा काहीतरी म्हणाला ते तिला ऐकूच आलं नाही. त्याने दाराची चौकट घट्ट धरून ठेवली होती.

गारा थांबल्यावर दोघं धावत शेतात गेली. काठ्या उभ्या होत्या. काठ्यांना सुतळीचे वेढे होते. वेढ्यांत काही नव्हतं. पानं चिंध्या होऊन मातीत मिसळली होती आणि फुटलेल्या टोमॅटोंचा लाल चिखल बांधापासून बांधापर्यंत. ती मटकन खाली बसली. तो आधी कुठे गेला? पहिल्या ओळीकडे. टोकापासून टोकापर्यंत चालत गेला, परत आला, आणि जवळच्या नात्यातली वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला, "त्याचीही गेली गं."

तिला त्या क्षणी किंचाळावंसं वाटलं. आपण इथे चिखलात बसलोय आणि याला कुणाची पडलीय!

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सुताराने विचारलंच, "काय निम्मे मालक, वाटेकऱ्याने ऐन वेळी हात वर केले म्हणायचे?"

"असं कसं म्हणता?" तो म्हणाला. "नुकसान त्याचंही झालंच की. माझ्या ओळींवर पडल्या तेवढ्याच गारा त्याच्या ओळीवर पडल्या. सकाळी जाऊन विचारपूस करून आलो."

देवाची विचारपूस! टपरीवर हसता हसता चहावाल्याच्या हातातली किटली हिंदकळली. पण सुतार हसला नाही म्हणतात. मुकाट्याने चहा संपवून उठला.

आता बायकोचं. त्यांचा मुलगा शहरात बस चालवायचा. त्याला मुलगी झाली होती आणि नातीचं तोंड तिने फक्त फोनच्या काचेवर पाहिलं होतं. "आई, या ना दोघं. एक खोली रिकामीच आहे," मुलगा दर वेळी म्हणायचा आणि ती दर वेळी म्हणायची, "एवढा हंगाम होऊ दे." हंगामावर हंगाम गेले. नात रांगायला लागली तेही काचेवरच. तिला त्या पोरीच्या अंगाचा वास कसा असेल याचा इतका ध्यास लागला होता की शेजारणीचं पोर कडेवर घेऊन ती उगाच त्याच्या डोक्याचा वास घेत बसे.

"आता तरी चला," ती नवऱ्याला म्हणाली. "तोडायला काही राहिलंय का? राखायला काही राहिलंय का?"

तो काठ्यांवरची सुतळी सोडवत होता. तसाच म्हणाला, "तू जा. मला नाही जमायचं."

"का?"

"त्याचं बरं चाललं होतं तेव्हा बरोबर होतो. आता त्याच्या पडत्या काळात टाकून जाऊ?"

तिने कपाळावर हात मारून घेतला. देवाचा पडता काळ! पण एवढ्या वर्षांत तिला एक पक्कं ठाऊक झालं होतं. हा माणूस चेष्टा करत नव्हता. तिने एकटीची पिशवी भरली.

घरामागे जुन्या डब्यांत तिने थोडी रोपं जगवली होती. लागवडीतून उरलेली, भांडी धुतलेल्या पाण्यावर वाढवलेली. गारांत ती छपराच्या आडोशाला होती म्हणून वाचली. निघायच्या सकाळी बघते तर डबे रिकामे. पिशवी घेऊन ती शेताच्या वाटेने बसच्या थांब्याकडे निघाली, तर हा गुडघ्यांवर बसून रोपं लावतोय. कुठे? पाटाजवळ. पहिल्या ओळीत.

"अहो!" तिचा आवाज फाटला. "होती नव्हती तेवढी रोपं! आणि तीही त्यालाच?"

"पहिली ओळ त्याची," तो मातीवरून हात न काढता म्हणाला. "दुसरी आपली."

"आणि दुसरीला रोपं कोण देणार?"

"तो देईल."

"तो देईल? त्याच्याकडेच नाहीत! माझ्या डब्यातली उचलून त्याची ओळ लावताय तुम्ही!"

तो थांबला. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि गारपिटीनंतर पहिल्यांदाच हसला. "खरंच की. म्हणजे तो आता तुझा मिंधा झाला."

तिला हसू येत होतं म्हणून ती जास्तच चिडली. बस आली. 'थांब' म्हणेल, निदान 'लवकर ये' म्हणेल, म्हणून तिने खिडकीतून मागे पाहिलं. तो हात हलवत होता. मातीने भरलेला हात, बाकी काही नाही.

नात पहिल्या दिवशी तिला बघून भोकाड पसरून रडली आणि दुसऱ्या दिवसापासून कडेवरून उतरेना. तिच्या डोक्याला दुधाचा आणि साबणाचा वास होता. आजी दिवसभर तो वास घेई. मुलगा कामावर, सून कामावर, घरात या दोघीच. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती आणि त्या भिंतीवर पाइपातून पाणी गळत राही. हे वाया जाणारं पाणी पहिल्या ओळीला किती दिवस पुरलं असतं, असा हिशेब तिच्या मनात आपोआप चाले. मग ती स्वतःवरच वैतागे. पहिल्या ओळीलाच का? दुसरी नाही का सुचत?

एकदा सुनेने टोमॅटो आणले. टणक, सगळे सारख्या मापाचे. तिने एक नाकाशी धरला. कसलाच वास नाही. तेव्हा तिचं लक्ष स्वतःच्या बोटांकडे गेलं. टोमॅटोच्या झाडाला हात लावला की पानांचा हिरवट काळा डाग बोटांना बसतो, साबणाने जात नाही, आणि त्याचा उग्र वास जेवतानासुद्धा येतो. जन्मभर तिने त्या डागाला शिव्या दिल्या होत्या. आता बोटं स्वच्छ होती, एखाद्या शिक्षिकेची असावीत तशी. तिला एकदम रडू आलं. नात तिच्याकडे टकामका बघत राहिली.

नवऱ्याचा फोन यायचा तो चहावाल्याच्या फोनवरून.

"कसं आहे?" ती विचारी.

"बरं आहे."

"जेवता ना वेळेवर?"

"हो. नात कशी आहे?"

"चालायला लागलीय." मग तीच अडखळत विचारी, "आणि... ओळ?"

"जीव धरलाय."

एवढंच. 'ये' हा एक शब्द ऐकायला ती कान टवकारून बसे. तो म्हणत नसे. फोन ठेवला की तिला वाटे, सकाळी त्या टोकाशी टोपी काढून देवाला मात्र सगळं सांगत असेल. मला सांगायला काय जीभ झिजते? तिला त्या शब्दाची भूक लागली होती, आणि मागून मिळालेला तो तिला नको होता.

शेवटी ती न बोलावताच निघाली. नातीला झोपवून निघाली, कारण जागेपणी तिला सोडून निघणं जमलंच नसतं. बसमध्ये सगळा वेळ पदराला दुधासाबणाचा वास येत होता. ती शेताजवळच्या थांब्यावर उतरली, आणि घरी न जाता आधी शेतात गेली.

ऊन कललं होतं. शेतात कुणी नव्हतं. पहिली ओळ लालबुंद होऊन उभी होती. झाडं बांधली होती, पण कशी! सुतळी करकचून आवळलेली, गाठी वेड्यावाकड्या. बांधायचं काम नेहमी तिचं. ती सैल वेढा द्यायची, म्हणजे खोड जाड झालं तरी कापत नाही. ते बघून तिचा जीव कळवळला. घशाला कोरड पडली होती. तिने हात पुढे केला आणि एक टोमॅटो तोडला. एवढ्या वर्षांत त्या ओळीतलं फळ तिने कधी जिभेला लावलं नव्हतं. तो उन्हाने कोमट झाला होता. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"ती त्याची ओळ आहे," मागून आवाज आला.

ती वळली. तो वाळला होता. हातात पाण्याची बादली होती.

"माहितीय," ती तोंड पुसत म्हणाली. "घरच्यांनी खायचं नाही, रस्त्यानं येणाऱ्यानं खायचं. मी आत्ताच रस्त्यानं आले."

त्याने बादली खाली ठेवली. मग त्याने नुसतं बोट केलं. पहिल्या ओळीमागे दुसरी ओळ होती, तिच्यामागे तिसरी. लहान, गुडघाभर झाडं, अजून न बांधलेली, वाऱ्याने आडवी व्हायला आलेली.

"रोपं कुठून आणलीत?"

"आणली कुठून? चिखलात जे फुटलं होतं ना आपलं, त्याच्याच बिया. मातीतून आपोआप वर आली. मी फक्त उपटून ओळीत लावली."

ती बघत राहिली. शेतकऱ्याची बायको ती, पडल्या फळाचं बी रुजतं हे तिला का ठाऊक नव्हतं? पण त्या लाल चिखलात बसून तिला ते सुचलं नव्हतं, हेही खरं.

"आणि ही बांधली का नाहीत? पडतील ना!"

"माझी गाठ तू बघितलीसच," तो म्हणाला. "मी त्याला रोज सांगत होतो. म्हटलं, आता गाठ मारणारीला पाठव."

तिला राग आला, इतक्या महिन्यांचा साठलेला. "त्याला सांगत होता? मला का नाही सांगितलंत? फोन होता की हातात! मी तिकडे एका शब्दासाठी झुरत होते."

तो खाली बघत म्हणाला, "तुला म्हटलं असतं तर तू त्याच पावली निघाली असतीस. नातीला टाकून. म्हणून त्याला म्हटलं, तिचं मन भरलं की पाठव."

मन कुठे भरलं होतं? इकडचं रिकामं होतं म्हणून तिकडून निघाली, आणि आता तिकडचं रिकामं झालं होतं. पदराचा वास एव्हाना उडाला होता. पण हा माणूस इतके दिवस देवाशी काय बोलत होता ते तिला आज कळलं, आणि तो वाद तिने तिथेच सोडून दिला.

"सुतळी द्या," ती म्हणाली.

अंधार पडेपर्यंत ती बांधत राहिली, सैल वेढा आणि एक गाठ, सैल वेढा आणि एक गाठ. बोटं हिरवट काळी झाली. तो पाटावर हातपाय धुवायला गेला तेव्हा ती पहिल्या ओळीच्या टोकाशी आली. इकडे तिकडे पाहिलं. टोपी नव्हती, म्हणून पदर सारखा केला. कसं बोलायचं असतं ते तिला माहीत नव्हतं, तेव्हा ती सरळच बोलली.

"त्यांचं ऐकलंस, आता माझं ऐक. एकदा त्या पोरीला इकडे पाठव. ही ओळ संपायच्या आत," ती हळूच म्हणाली. "आणि रोपं माझ्या डब्यातली होती, हे विसरू नकोस."