डाव्या हाताची परवानगी

कल्पना करा, तीनशे किलो क्रीम टाकीत तयार आहे आणि तान्ह्या बाळांच्या गालांना ते चालेल की नाही, हे तुम्ही तुमच्या डाव्या हाताला विचारून सांगायचं आहे. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी नाजूक असते, तिथे वाटाण्याएवढं लावायचं, वर पट्टी मारायची आणि चार तास वाट बघायची.

कारखान्यातल्या मावशी हे एकोणीस वर्षं करत होत्या. प्रयोगशाळेच्या चाचण्या होत्याच, पण शेवटचा शब्द मावशींच्या हाताचा. पट्टी काढून त्या "काही नाही" म्हणाल्या की ट्यूब भरायला सुरुवात. ग्लिसरीन, ओटचा अर्क, पँथेनॉल, म्हणजे कातडीची आग होऊ न देणारा सगळा ऐवज, त्या स्वतः मोजून टाकत. त्यावर त्यांचा देवापेक्षा काकणभर जास्तच विश्वास होता.

त्या दिवशीही त्या "काही नाही" म्हणाल्या. तासाभराने ट्यूब भरणारी त्यांची धाकटी नणंद फाटलेला हातमोजा काढून समोर उभी राहिली. मनगट लालभडक, वर बारीक पुरळ.

"वहिनी, तुम्ही पास केलंत, मी नापास केलं बघा."

मावशींना हसू आलं नाही.

केमिस्ट मॅडमनी मशीन थांबवलं. चौकशीत कळलं, पाळी बदलताना सुगंधाचा डबा दोनदा ओतला गेला होता. टाकी रिकामी करायचं ठरलं. खरं तर विषय तिथेच मिटायचा, पण मॅडम मावशींच्या हाताकडे बघत राहिल्या. या हाताला एरवी काय लावता, असं त्यांनी विचारलं. मावशींनी सरळ सांगून टाकलं. काम संपलं की ढवळायच्या पात्याला चिकटलेलं क्रीम खरवडून त्या हाताला चोळत. टाकून कशाला द्यायचं? खरवडणी उजव्या हातात, त्यामुळे चोळला जायचा तो कायम डावाच.

मॅडमचा आवाज खाली आला. "रोज शांत केलेली कातडी तक्रार कशी करेल, मावशी?"

मावशींनी पिशवीतून फोन काढला. याच हाताने पास केलेला गेल्या महिन्याचा माल दुकानांत पोचला होता. त्यातलीच एक ट्यूब लेक माहेरून जाताना घेऊन गेली होती, अडीच महिन्यांच्या नातीसाठी. फोन लावताना नंबर दोनदा चुकला. लेक म्हणाली, बाळ झोपलंय, गाल जरा लालसर दिसतायत, उकाड्याने असेल. मावशींनी तिला क्रीम पाण्याने पुसून काढायला आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जायला सांगितलं. का, ते मात्र त्यांच्या तोंडून निघेना. नणंदेने पाण्याचा ग्लास पुढे केला; तिचीही थट्टा आता आटली होती.

मॅडमनी जपून ठेवलेले जुने नमुने एकेक करून टेबलावर मांडायला घेतले. ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातावर लावून बघावे लागणार होते. किती मागचे काढायचे, ते त्यांनाही ठरवता येईना.

मावशी बाही खाली ओढून उभ्या होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "मॅडम, माझा हात नेमका कधीपासून गप्प आहे?"