तिसरं नाव

भागोजी तांडेलाच्या ट्रॉलरवर एक रीत होती. मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून दोर सोडायच्या आधी तो सुकाणूपाशी उभा राहून खलाशांची नावं एकेक करून पुकारायचा, आणि ज्याचं नाव घेतलं त्याने "हाय हितं" म्हटल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचा नाही. माणूस डोळ्यांसमोर उभा असला तरी नाही. सात नावं होती, आणि बारा वर्षं त्यातलं तिसरं सुजयचं होतं.

सुजय जाळ्याचा माणूस. फाटलेलं जाळं त्याच्या हातात दिलं की तासाभरात कुठे फाटलं होतं ते शोधून सापडायचं नाही. त्याला गर्द कसा लागला याची गोष्ट लांबलचक करून सांगण्यासारखी नाही. कंबर धरली होती, धक्क्यावरच्या एका ओळखीच्याने पन्नीवर पावडर ठेवून खालून काडी लावली आणि म्हणाला, ओढ, दुखणं जाईल. दुखणं गेलं खरं. चार वर्षांनी सुजयच जायची वेळ आली. दोनदा त्याने समुद्रावर असताना सोडायचा प्रयत्न केला. हाडांत कुणी मीठ भरल्यासारखा तो जाळ्याच्या ढिगावर तळमळत पडायचा, इतर खलाशी त्याच्या वाटणीचं काम करायचे, आणि धक्क्याला बोट लागली की पहिली उडी त्याचीच असायची. ती कुठल्या दिशेने जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

जूनमध्ये मासेमारी बंद झाली आणि बोटी किनाऱ्याला लागल्या, तेव्हा त्याच्या बायकोने, दिशाने, त्याला गावातल्या उपचार केंद्रात नेलं. दिशा धक्क्यावर कोळंबी सोलते. बाई फार बोलणारी नाही, पण एकदा हात धरला की सोडत नाही. केंद्रातल्या परिचारिकेने, अक्षयाने, नीट समजावून सांगितलं. एक दिवस अंगातला गर्द उतरू द्यायचा, तलफेने जीव कासावीस झाला की यायचं, मग ती तलफ शमवणारी गोळी. आधी घेतली तर त्रास उलट वाढेल. त्यानंतर रोज यायचं, तिच्यासमोर दोन गोळ्या जिभेखाली ठेवायच्या आणि त्या विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. गिळायचं नाही, बोलायचं नाही.

पहिल्या गोळ्यांनी तासाभरात घाम थांबला, पाय शांत झाले. सुजयला वाटलं होतं, निदान थोडी तरी ती जुनी ऊब येईल. तसलं काही आलं नाही. नुसतं बरं वाटलं, शेजारच्या माणसाला वाटतं तसं. त्या रात्री तो पोटभर जेवला, झोपला, आणि तरी सकाळी उठल्यावर त्याला पन्नीवरच्या धुराच्या वासाची आठवण आली. एखादं माणूस गेल्यावर येते तशी आठवण. त्याने ती दिशाला सांगितली नाही. तिला ती कळली होतीच.

पण त्याहून मोठी ओढ दुसरीच होती. जुलैत भागोजी भेटला आणि म्हणाला की नारळी पुनवेला नारळ सोडला की दुसऱ्या दिवशी, रविवारी, बोट सुटेल; तुझी जागा ठेवलीय. सुजय तिथल्या तिथे हरखला. मग त्याच्या लक्षात आलं, की फेरी दहा दिवसांची आणि गोळी रोजची.

त्याने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नेमाने येत राहा, दिवाळीनंतर काही दिवसांच्या गोळ्या हातात देता येतील. दिवाळी! सुजयला ती पुढच्या जन्माइतकी लांब वाटली. मग त्याने खलाशी करतो तेच केलं. फेरीवर जायचं तर पाणी, तांदूळ, बर्फ आधी भरून ठेवायचा, आणि कमी पडेलसं वाटलं तर किनाऱ्यावरच हात आखडता घ्यायचा. दोन गोळ्यांतली एक तो जिभेखाली ठेवायचा आणि दुसरी, तंबाखूची गोळी धरायची सवय होती त्या जागी, गालात. बाहेर पडला की ती रुमालात काढायची, पुसायची, वाळवायची आणि चुन्याच्या डबीत टाकायची. या हिशोबीपणाचं त्याला कौतुकसुद्धा वाटत होतं. अंग म्हणजे काही खलाशी नव्हे, अर्ध्या घोटावर समजूत काढायला, हे त्याला कोण सांगणार?

आठवड्यात जांभया सुरू झाल्या, नाक गळू लागलं, अंथरुणात पाय उडू लागले. दिशाने विचारलं तर म्हणाला, पावसाळी हवा. चौदाव्या दिवशी संध्याकाळी तो बर्फाच्या कारखान्यामागे जाऊन उभा राहिला. गर्द विकणारा माणूस तिथे बसायचा. खिशात चौदा गोळ्यांची डबी होती आणि पाय मात्र त्याला तिथे घेऊन आले होते. त्या दिवशी तो माणूस आला नव्हता, एवढंच. सुजयने मन आवरलं वगैरे काही झालं नाही. अर्धा तास वाट पाहून तो परतला आणि वाटेत एका उलट्या होडीच्या आडोशाला बसून रडला.

सकाळी त्याने डबी अक्षयाच्या टेबलावर ठेवली आणि बर्फाच्या कारखान्याचंही सांगून टाकलं. तिने डबी उघडून पाहिली. त्या गोळ्या विकायला असतील अशी तिला आधी शंका आली, आणि तिने तसं विचारलंही.

"नाय ताई," सुजय म्हणाला, "फेरीवर जायचं तर शिधा आदी भराया लागतो."

ती हसली नाही. म्हणाली, "सुजयदादा, तुम्ही समुद्रावर जाण्यासाठी अर्धे बुडलात. किनाऱ्यावरच."

त्या दिवसापासून ती गोळ्या चुरडून द्यायला लागली. तो रोज समोर बसायचा, तोंड मिटून, भिंतीकडे बघत. पाय उडायचे थांबले. भागोजीला त्याने जाऊन सांगितलं की या फेरीला जमायचं नाही. भागोजीने मान हलवली, आणि तिसऱ्या जागेवर दादू नावाचा खलाशी घेतला. बोटीचं जाळं मात्र सुजयनेच दुरुस्त केलं. एकेक गाठ मारताना हे जाळं कुठल्या पाण्यात उतरणार, तिथे पहाटे वारा कसा असतो, सगळं त्याला दिसत होतं. इतकं की हात थांबायचे.

पुनव शनिवारी होती. अक्षयाने त्या दिवशी पहिल्यांदाच रविवारच्या दोन गोळ्या कागदात बांधून त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "उद्या मी नाही बघायला."

रविवारी सकाळी तो दिशाबरोबर धक्क्यावर गेला. बर्फ चढवला, जाळं नीट लावून दिलं आणि खाली उतरला. दादू अजून आला नव्हता. भागोजीने वरून विचारलं, "चढतंस काय? जागा मोकळी हाय."

सुजयने बोटीकडे पाहिलं. दोर ताणलेले होते, इंजिन धडधडत होतं, आणि पायांना त्या फळ्यांची इतकी ओढ लागली होती की त्याला बाजूच्या खांबाला धरावं लागलं. दिशाने त्याचा हात धरला नाही. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली, दोन्ही गोळ्या जिभेखाली ठेवल्या आणि तोंड मिटलं.

भागोजी काय समजायचं ते समजला. तेवढ्यात दादू धावत आला आणि बोटीवर चढला. भागोजी सुकाणूपाशी उभा राहिला. पहिलं नाव झालं, दुसरं झालं.

"सुजय," भागोजीने पुकारलं.

दादू गोंधळून इकडे तिकडे बघू लागला. भागोजी धक्क्याकडे बघत होता. सुजयच्या तोंडात कडू पाणी साठलं होतं. जीभ हलवायची नव्हती. डोळे भरून आले, हात वर गेला, पण भागोजीला हात चालत नसे. बोट थांबून राहिली. सगळे थांबले.

तेव्हा दिशा एक पाऊल पुढे झाली आणि इंजिनाच्या वरताण आवाजात म्हणाली, "हाय. हितंच हाय."

भागोजीने चौथं नाव घेतलं.