हळदीतलं ग्रीक गाणं

माझ्या धाकट्या बहिणीच्या हळदीला एका इटालियन माणसाने मयताचं गाणं म्हटलं, आणि फर्माईश माझी होती.

दोन हजार सालानंतर आमच्या वळ गावात शेतं जाऊन गोदामं उठायला लागली. त्यातल्या एकात मशीन बसवायला आलेले आंतोनियो आमच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहत. मी बी.ए. असल्यामुळे दुभाष्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. (त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच होतं, म्हणून आमचं छान जमायचं.) ते दक्षिण इटलीतल्या एका लहानशा गावचे. फार पूर्वी तिथे ग्रीक लोक येऊन राहिले, आणि म्हातारी माणसं घरात अजून ग्रीकच बोलतात. आपल्या मुलांना ती भाषा येत नाही, याचं आंतोनियोंना फार वाईट वाटे; हे मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं.

हळदीच्या दिवशी दुपारी आमची आत्या मांडवात धवले म्हणत होती. ती गावची धवलारीण; आमच्यात लग्नाचा प्रत्येक विधी तिच्या गाण्यावर चालतो. नवऱ्यामुलाची आई खारबावहून उष्टी हळद घेऊन आली होती. बाई शकुन-अपशकुन फार मानणाऱ्या. मांजर आडवं गेलं म्हणून साखरपुड्याला त्यांनी रिक्षा परत फिरवली होती. त्यांच्यावर छाप पाडायची म्हणून मी आंतोनियोंना म्हटलं, "तुमच्या गावचं सगळ्यात जुनं ग्रीक गाणं म्हणा."

ते डोळे मिटून गायले. गाता गाता रडले. बायकांनीही पदर डोळ्यांना लावले.

"काय बोल्ला गं तो?" विहीणबाईंनी विचारलं.

"नवरी सुखात नांदू दे, घर भरू दे," मी ठोकून दिलं.

तेवढ्यात आंतोनियो स्वतःच म्हणाले, "माय मदर डेड. साँग फॉर डेड पीपल."

एवढं इंग्रजी मांडवात सगळ्यांनाच येत होतं! विहीणबाईंनी हळदीची वाटी उचलली आणि त्या उठल्या. आईचा चेहरा पडला. बहीण माझ्याकडे अशी बघत होती, की मलाच उठून पळावंसं वाटलं.

"बसा विहीणबाय," आत्या शांतपणे म्हणाली. "धवल्यात आमीपन मेलेल्यांना लग्नाचं बोलावणं करतोच. यानं त्याच्या आईला बोलावलं. जेवून जाईल ती."

विहीणबाईंनी विचार केला. "मंग नवरीच्या बहिणीनं आता एक चांगला धवला बोलावा. तवा बसते."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. धवलारणीची भाची मी, पण मला एक ओळ येईल तर शपथ. शेवटी आत्यानेच धवला धरला, विहीणबाई हसून बसल्या आणि हळद लागली.

धवला संपल्यावर आत्या आंतोनियोंकडे वळून म्हणाली, "आमच्यापन पोरींना काय येत न्हाय."

ते मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. त्या दिवशी माझं तेवढं एकच भाषांतर बरोबर आलं.