त्यांच्या इंग्रजीतली माझी आई

“बोथ हर पॅरेंट्स आर डेड.”

पाळकसाहेब हलक्या आवाजात म्हणाले. म्हणजे माझे आईबाप दोघंही वारलेत. देणगी द्यायला आलेल्या परदेशी पाहुण्या बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी आठवीत होते. चहाचा ट्रे घेऊन माझी आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. बाबा डोलवीला, कंपनीत, पहिल्या शिफ्टला.

रोह्याच्या त्या अँग्लिकन चर्चच्या वसतिगृहात आई स्वयंपाक करायची. मी तिथेच राहून इंग्रजी शाळेत जायचे. नदीकाठच्या आमच्या वाडीवरची मी पहिलीच. आईला इंग्रजी कळत नव्हतं. तिने हसून बाईंसमोर बिस्किटं धरली. मेलेल्या बाईने.

भांडी घासताना तिने विचारलं, “सायब काय बोलले गो माझ्याबद्दल?”

“कौतुक केलं तुझं.”

तिचा चेहरा असा उजळला की मी मान खाली घातली.

मला इंग्रजी पाळकसाहेबांनीच शिकवलं होतं. ‘डेड’चं स्पेलिंगसुद्धा. त्यातला ए मी नेहमी विसरायचे.

यंदा पेपरात आलं. वसतिगृहातल्या ‘अनाथ’ मुलांचे आईबाप जिवंत आहेत. चर्चने पेणला चौकशी लावली. मुंबईहून मराठी न येणारे दोन साहेब आले. आईची साक्ष त्यांना इंग्रजीत सांगायला पाळकसाहेबांनी मलाच बोलावलं.

“तू माझी मुलगी आहेस,” दारात ते म्हणाले. “आणि तू कमी बोलतेस, तेच बरं.”

मला खुर्ची मिळाली. आई टेबलासमोर उभी.

“देवमाणूस हाय,” ती म्हणाली. “पावण्यांसमोर माझं कौतुक केलं व्हतं. इचारा हिला. हिनंच सांगितलेलं.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. पाळकसाहेब हसले. त्यांना ती दुपार आठवतही नव्हती. माझ्या एका खोट्यावर ते सुटणार होते. तेही आईच्या तोंडून.

मी उठले. माझी खुर्ची आईच्या मागे सरकवली. ती बसेना. मी खांदा धरून बसवलं.

“आये, मी तेव्हा खोटं बोलले. त्यांनी कौतुक नव्हतं केलं. तू मेलीस म्हणून सांगितलं. तू समोर उभी असताना.”

मग टेबलाकडे वळले.

“आता हेच इंग्रजीत सांगते. एक शब्द गाळणार नाही. लिहून घ्या.”