सासूबाईंनी धुतलेला थर्मामीटर

जर्मनीची लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. तापीकाठच्या आमच्या गावात एकच थर्मामीटर होता, आणि तोही डॉक्टरांकडून उसना आणलेला. माझी मोठी जाऊ बाळंत झाली आणि पाठोपाठ तिला ताप भरला. शहाद्याचे डॉक्टर येऊन गेले. ओट्यावर बसून त्यांनी सासऱ्यांना बजावलं की पारा एकशेचारच्या खुणेला लागला तर वाट बघायची नाही, गाडी जुंपून तडक नंदुरबारच्या दवाखान्यात न्यायचं, नाहीतर बाई हातची जाईल.

डॉक्टर बोलके होते. म्हणाले, पूर्वी ही नळी हातभर लांब असे आणि रोग्याच्या अंगाला लावलेली असतानाच वाचावी लागे. बाहेर काढली की पारा लगेच खाली. मग कोणीतरी नळीची मान अरुंद केली, तेव्हापासून पारा चढेल तिथेच थांबतो, झटकल्याशिवाय उतरत नाही. आणि गरम पाणी चुकूनही लावू नका, पारा फुगून काच फुटेल. लढाईमुळे दुसरी मिळायची नाही.

त्या अरुंद मानेमुळेच आमच्या घरात तिचा उपयोग होता. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष पाऊल टाकत नसत आणि तिथली वस्तू धुतल्याशिवाय शिवत नसत. म्हणून मी जावेच्या काखेत नळी धरायची, सासूबाईंनी ती गार पाण्याने धुवायची आणि मग सासऱ्यांनी उजेडात धरून वाचायची. पारा दर वेळी खुणेच्या अलीकडेच असायचा.

सासरे वाईट नव्हते. पण ओली बाळंतीण तापी ओलांडून परक्या माणसांच्या हाती द्यायची, या विचारानेच त्यांचा जीव कासावीस व्हायचा. पाऱ्याने त्यांना आयती सबब दिली होती. मला त्या नळीचा भारी राग यायचा.

एका दुपारी जाऊ मला ओळखेना. दात वाजत होते, अंगाला हात लावला की चटका बसत होता, आणि शेजारी तान्ही पोर भुकेने रडत होती. नळी काखेत धरावी तर ती हात झटकून द्यायची. कशीबशी धरली, पाहिली. पारा खुणेच्या जरासा खाली. मी दारातूनच तसं सांगितलं.

"पारा खुणले लागना नही," सासरे ओट्यावरून म्हणाले, "सकाय देखसूत."

उद्यापर्यंत ही राहायची नाही, असं मी सासूबाईंना म्हटलं, आणि ओट्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं. सुनेने असं बोलायची रीत नव्हती, पण माझी जीभ पहिल्यापासून तिखट. सासूबाईंनी माझ्या हातातली नळी घेतली आणि त्या चुलीकडे गेल्या. चुलीवर पोरीच्या अंघोळीचं पाणी उकळत होतं.

फुटाणा तडकावा तसा आवाज आला. मी धावले तर पातेल्याच्या तळाशी काचा होत्या आणि पाऱ्याचे थेंब पळत होते. आता पारा खुणेला लागला हे कधी आणि कोण दाखवणार?

सासूबाईंनी पाणी ओतून टाकलं आणि पदर ओढून पातेलं घेऊन त्या ओट्यावर गेल्या.

"ताप इतला शे का नयी फुटी गई," फुटकी नळी दाखवत त्या म्हणाल्या. "आते गाडी जुपा."

सासऱ्यांनी पातेल्यात वाकून पाहिलं. गडी शेतात होता, त्याची वाट न बघता ते स्वतःच बैल जुंपायला धावले. ऊन कलायच्या आत आम्ही नदी ओलांडली. जाऊ बरेच दिवस दवाखान्यात राहिली, पण वाचली.

सोवळ्याच्या भरात सासूबाईंच्या हातून नळी फुटली आणि त्यांनी वेळ मारून नेली, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. पुढे माझ्या मुलाने घरात नवा थर्मामीटर आणला, तेव्हा मी त्यांना चिडवलं की आता हा तरी गरम पाण्यात घालू नका.

त्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डाक्टरनी सांगं तवय मी बी दारमांगे उभी व्हतू."

समोर ओट्यावर जाऊ माहेरपणाला आलेल्या त्याच लेकीची वेणी घालत बसली होती.