खाकीतले आतोबा

उभ्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात आमच्या आतोबांइतकी लाच कुणी घेतली नसेल, आणि त्यातली एक पैही कधी त्यांच्या घरात आली नाही. माझ्या आत्याचे हे यजमान. किन्हवलीजवळच्या गावात भाताची थोडी जमीन, दोन बैल, आणि गेली चाळीसेक वर्षं सिनेमात हवालदार. खरे हवालदार नव्हेत, हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या डोळखांबकडच्या पाड्यांवरचे म्हातारे अजूनही बांधाचं भांडण झालं की त्यांच्याकडे येतात, आणि निवाडा झाल्यावर काकड्या नाहीतर कोंबडा घेऊन दारात उभे राहतात. "ठेव तिकडं ओट्यावर," आतोबा म्हणतात. हातात घेत नाहीत.

ते कुणाच्याच हातून काही घेत नाहीत. दुकानदाराने सुटे पैसे फळीवर ठेवायचे, एस.टी.च्या कंडक्टरने तिकीट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घालायचं. देवळात प्रसाद थेट तोंडात, आणि तेव्हा दोन्ही हात खांद्याच्या वर, साऱ्या गावाला दिसतील असे. एकदा नवा कंडक्टर वैतागला. "बाबा, हात करा की पुढं, काय झालंय हाताला?" आतोबा शांतपणे म्हणाले, "माझा हात लय लोकांनी बघलाय रे. तू खिशातच घाल." मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "घाल घाल, सायेब खिशातच घेतात." ती बस शहापूरपर्यंत हसत गेली. आतोबा तेवढे खिडकीबाहेर बघत होते.

ज्या सिनेमामुळे हे झालं त्याचं नाव ते घेत नाहीत, 'आपला पिक्चर' म्हणतात, म्हणून मीही घेत नाही. एका पोलीस ठाण्यातले शिपायापासून साहेबापर्यंत सगळे हप्ता खातात, एकच इन्स्पेक्टर खात नाही आणि तो शेवटी एकटा पडतो, अशी त्याची गोष्ट. थोडं शूटिंग मुरबाडच्या बाजूला झालं. आतोबा पेंढ्याची गाडी घेऊन चालले होते, युनिटच्या माणसाने मिशी बघून थांबवलं, खाकी चढवली, ती अंगात बसली, आणि दिग्दर्शक म्हणाले, आता या ट्रकवाल्याकडून पैसे घ्या. आतोबांनी जन्मात पैसे खाल्ले नव्हते. कसे घेतात ते माहीत नव्हतं. लपवून होणारा व्यवहार त्यांना एकच ठाऊक होता, म्हसा गावच्या जत्रेतला बैलांचा. तिथे दलाल आणि गिऱ्हाईक हातांवर टॉवेल टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव ठरवतात, म्हणजे बघणाऱ्याला आकडा कळत नाही. आतोबांनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल ट्रकवाल्याच्या हातावर टाकला आणि लाचेची घासाघीस बोटांनी सुरू केली. ट्रकवाला झालेला नट शहरातला. खाली काय चाललंय ते त्याला कळेना, तो खरोखर घाबरला, आणि ते घाबरणंही पडद्यावर आलं. आतोबांचं तोंड मात्र कुठेच नाही. नुसता टॉवेल, आणि त्याखाली काहीतरी वळवळतंय. सिनेमा गाजला, अजून लोक बघतात, आणि त्यातला तो टॉवेल जास्तच बघतात.

पुढच्या वर्षी आतोबा बैल घ्यायला म्हशाला गेले तर एकही दलाल त्यांच्या टॉवेलाखाली हात घालेना. "नको हवालदार, एकदा हात दिला का तुमचा हप्ता सुरू." तेव्हापासून ते भाव तोंडाने करतात, मोठ्याने, आणि सगळा बाजार ऐकत असल्यामुळे बैल त्यांना नेहमी महाग पडतो.

सिनेमावाल्यांनी मात्र त्यांना सोडलं नाही. नाक्यावरचा हवालदार, जेलचा हवालदार, हिरोला फाटकाशी अडवणारा हवालदार, दंगलीत दगड खाणारा हवालदार. एकदा मेलेला हवालदारसुद्धा. "सगळ्यात मेहनत त्यातच," ते सांगतात. "नाकावर माशी बसली न् मला हाकलाया पण येईना." त्यांच्या शाळेतला सोबती खऱ्या पोलिसात भरती झाला आणि फौजदार होऊन रिटायर झाला. आतोबांना चाळीस वर्षांत एक बढती नाही. तो सोबती भेटला की आतोबा अजून उठून सलाम ठोकतात, आणि मग त्याला पट्टा कुठे बांधायचा ते शिकवतात.

आत्याने त्यांचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. 'आपला पिक्चर' आला तेव्हा विहिरीवरच्या बायका तिला विचारायच्या, "काय गो, आज किती आणलान हवालदारानी?" तिने घरी येऊन हंडा आपटला आणि सांगितलं, खाकीत असाल तोवर मी बघायची नाय. आतोबांच्या साऱ्या कारकिर्दीला एवढीच एक टोचणी होती. जगाने बघितलं, घरच्या माणसाने नाही. युनिटवर कुणीही भेटलं की ते विचारायचे, "एखादा बिनखाकीचा रोल हाय काय? भिकारी पण चालंल."

मी आठवीतून शाळा सोडली तेव्हा घरचे मला वीटभट्टीवर पाठवणार होते. आतोबांनी ओळखीच्या ड्रेसदादाला, म्हणजे सिनेमाचे कपडे सांभाळणाऱ्या माणसाला, गळ घातली. त्याच्यामागे मी इथे हैदराबादला आलो आणि कपड्यांच्या गोदामात लागलो. इस्त्री करतो, बटणं लावतो, आणि एखादं बटण कमी भरलं तर जेवण जात नाही. ही भाकर त्यांनी दिलेली आहे, हे मी विसरत नाही.

गेल्या वर्षी त्यांना इथूनच बोलावणं आलं. रोल निवृत्त मास्तरांचा. आतोबांनी धोतर घेतलं, काळी टोपी घेतली, बिनकाचेचा चष्मा लावून महिनाभर गावातल्या पोरांचे पाढे घेतले. बाराच्या पुढे त्यांनाच येत नव्हते, म्हणून बारापर्यंतच घेतले. आत्या म्हणाली, "मास्तर असलात तर येईन बघाया." ते माझ्या खोलीवर उतरले आणि आल्या आल्या हेच वाक्य मला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसदादाने माझ्या हातात खाकी दिली. "तुझ्या आतोबांची. नीट इस्त्री कर." मास्तरांचा रोल एका नावाजलेल्या नटाकडे गेला होता. नवा दिग्दर्शक लहानपणापासून त्या टॉवेलावर फिदा, त्याने आतोबांसाठी खास प्रसंग लिहिला होता. म्हातारा हवालदार, टॉवेल, हप्ता. मी इस्त्री फिरवत राहिलो, शेवटी करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा घेऊन गेलो. आतोबा धोतर नेसून तयार बसले होते. त्यांनी खाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी म्हणालो, "आतोबा, नाय म्हणा. मी परतीचं तिकीट काढतो."

"तुझ्या ड्रेसदादानी शब्द टाकलेला हाय ना माझ्यासाठी?"

"त्यानंच."

"मग मी उठून गेलो तर तो कोणाला बोलंल?"

आतोबांनी धोतराच्या नीट घड्या घातल्या. "आण ती विजार," म्हणाले.

या वेळी कॅमेरा टॉवेलावर नव्हता, त्यांच्या तोंडावर होता. आतोबांनी विचारलं, "तोंडावर काय ठेवू?" दिग्दर्शक म्हणाला, काही नको, फक्त पैसे घ्या. त्यांनी घेतले. एकाच टेकमध्ये काम झालं आणि ते रात्रीच्या गाडीने गेले. गावात उतरल्यावर पारावरच सांगून टाकलं, मास्तर नाय, हवालदारच.

सिनेमा आला. आत्याने शब्द पाळला, बघायला गेली नाही. पुढे तो मोबाइलवर आला तेव्हा माझ्या आतेभावाने चुलीसमोर तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून तो प्रसंग लावला. ती भाकऱ्या थापत होती, उठून जाता आलं नाही. त्या संध्याकाळी तिने मला फोन केला.

"अरे, पैसं घेताना डोळं मिटतात रे ते."

"कोण?"

"हे. कडू औषध घेताना मिटतात ना घरी, तसंच. चांगलं दोनदा बघलं मी. तवा भाकर करपली." मग म्हणाली, "पयल्या पिक्चरात तोंड दावलं असतं तर मी तवाच गेली असती."

मागून आतोबांचा आवाज आला, "अगो, ती ॲक्टिंग हाय."

"नाय ती," आत्या म्हणाली, आणि ते मला की त्यांना, हे कळलं नाही. फोन तसाच चालू होता. मी इकडे गोदामात उभा राहून आमच्याकडच्या चुलीचा आवाज ऐकत राहिलो.