उरलेले नऊ दिवस

"कागद बाजूला ठेवा. आधी काय झालं ते सांगा."

काकूंकडे कुणीही टॅक्सचा प्रश्न घेऊन गेलं, की पहिलं वाक्य हेच. मग चष्मा कपाळावर सरकवून त्या ऐकत बसायच्या. टॅक्सचं काम करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आधी फाइल मागतात. या तशा नव्हत्या. अमेरिकेत तीस वर्षं लोकांचे रिटर्न भरून त्या निवृत्त झाल्या आणि मुलाकडे सिंगापुरात, बुकित पंजांगला राहायला आल्या. आमच्याच ब्लॉकमध्ये, चार मजले खाली.

मी त्यांच्याकडे गेलो तो घाबरून. आमची मुलगी अमेरिकेत जन्मलेली, सिंगापुरात वाढलेली. तिच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या कॉलेज-बचत खात्यात आम्ही पहिल्या वाढदिवसापासून पैसे टाकत होतो. शिक्षणासाठी काढले तर त्यावर टॅक्स नाही. ती तिकडेच कॉलेजला गेली आणि दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच परत आली. तिला तिथे झोप येत नव्हती, वर्गात बसवत नव्हतं. कॉलेजने त्या सत्राची बरीचशी फी परत केली. आता हे पैसे शिक्षणावर खर्च झालेले नाहीत, म्हणजे त्यातल्या वाढीवर टॅक्स आणि वर दंड, असं मी वाचलं आणि जेवताना बोलून बसलो, "सगळं पाण्यात गेलं." मुलगी ताटावरून उठली. त्यानंतर ती आमच्याबरोबर जेवायला बसेना.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तिला घेऊन या. खातं तिच्यासाठी आहे ना?"

ती आली, मान खाली घालून. काकूंनी तिला शेजारी बसवलं, फी परत मिळाल्याची तारीख तिच्याकडूनच वाचून घेतली आणि बोटांवर दिवस मोजले. परत आलेली फी साठ दिवसांच्या आत त्याच खात्यात भरली, तर टॅक्स नाही आणि दंडही नाही. पहिल्या सत्राचा खर्च तर शिकण्यावरच झाला होता. त्याची काळजी नव्हती. नऊ दिवस उरले होते.

"सॉरी आंटी, मी बाबांचे पैसे वेस्ट केले," मुलगी म्हणाली.

"काही वेस्ट झालेलं नाही. पैसे थांबतील. तू आधी बरी हो."

मी समोरच बसलो होतो. लिफ्टमध्ये मी मुलीची माफी मागितली. "इट्स ओके लाह, बाबा," एवढंच ती म्हणाली, पण त्या संध्याकाळी आमच्याबरोबर हॉकर सेंटरला जेवायला आली.

पाचव्या दिवशी पैसे खात्यात पोचले. सोबतचं पत्र काकूंनी लिहून दिलं. कॉलेजची आणि खात्याची पावती एकत्र जपून ठेवायला लावली. त्यांच्या फीचं विचारलं तर त्यांनी मला चहा दिला. दीड वर्षाने मुलगी इथल्याच विद्यापीठात पुन्हा शिकू लागली. ते अमेरिकेच्या नियमात बसतं का, हेही काकूंनीच तपासलं. फी त्याच खात्यातून गेली.

गेल्या वर्षी काकू कायमच्या नागपूरला बहिणीकडे गेल्या. टॅक्सी ब्लॉकखाली आली, तेव्हा कुणी न सांगता मुलगी वाकली आणि त्यांच्या पाया पडली. काकूंचा हात वळणापर्यंत खिडकीबाहेर दिसत होता. मुलीची विद्यापीठाची बस आली आणि गेली. ती तिथेच उभी होती.